पाखरांच्या वतीने अक्का

अक्का कुणाच्या घरी गप्पा मारायला जात नसत. त्या भांडायला जात. तेही ऐन दुपारी, धुळ्याच्या देवपुरातली कुत्रीसुद्धा उभ्या गाड्यांखाली शिरून निपचित पडलेली असताना. आमची बेल त्यांनी पहिल्यांदा वाजवली ती अशाच एका चैत्रातल्या दुपारी. मी जळगावची. लग्न होऊन धुळ्यात आले, या कॉलनीत घर घेतलं, सामानाची खोकी अजून पुरती उघडायची होती. दार उघडलं तर समोर उंच, हाडापेराने मजबूत बाई. डोक्यावर पदर, पायांत पुरुषी चपला आणि हातात आमचंच मातीचं भांडं. फाटकाच्या ग्रिलला मी ते हौसेने टांगलं होतं.

"हे तुमचं?"

"हो."

"कशासाठी टांगलंय?"

"पक्ष्यांना पाणी प्यायला."

त्यांनी भांडं उलटं केलं. आतून करंजाची दोन वाळकी पानं आणि एक मेलेली माशी पडली.

"पाणी दाखवा," त्या म्हणाल्या.

सकाळची घाई, कॉलेजात तास असतो, असं काहीतरी मी बोलले. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग टांगू नका, मॅडम. पाखरू लांबून भांडं बघतं, जीव एकवटून उतरतं, अन् आत कोरडं. तेवढ्यात ते दुसरीकडे पाण्यावर पोचलं असतं. तुम्ही पाणी देत नाही, तुम्ही त्याची फजिती करता." भांडं माझ्या हातात दिलं आणि पुढच्या फाटकाकडे गेल्या. तिथली बेल वाजलेली मला ऐकू आली.

मागाहून कळलं की हा त्यांचा दर वर्षीचा नेम होता. होळी झाली, उन्हाला धार आली की अक्का कॉलनीतून फेरी काढत आणि ज्याच्या दारात भांडं दिसेल त्याच्या भांड्यात डोकावत. ज्यांनी भांडं टांगलंच नव्हतं त्यांना त्या कधी काही बोलल्या नाहीत. "त्यांनी कबूल कुठे केलंय?" असं त्यांचं म्हणणं.

अक्का एसटीत कंडक्टर होत्या. यजमान एसटीतच ड्रायव्हर होते, ते अकाली गेले आणि त्यांच्या जागी अक्कांना नोकरी लागली. धुळे-दोंडाईचा गाडीवर त्यांनी उमेदीची वर्षं काढली. गाडी भरलेली, दारात माणसं लोंबकळणारी, कुणी दारू प्यालेला, कुणी मुद्दाम अंगाशी येणारा. लहान मूल घरी सासूजवळ ठेवून ही बाई त्या गर्दीत उभी. "गोड बोलत राहिले असते तर पहिल्याच महिन्यात नोकरी सोडून घरी बसावं लागलं असतं," त्या सांगत. "राग होता म्हणून पोराचं शिक्षण झालं." रागाची त्यांना लाज नव्हती. दुसरी एखादी बाई सुगरण असल्याचं जितक्या सहज सांगेल तितक्या सहज त्या "मी रागीट आहे" असं सांगत.

त्या रागालाही पायऱ्या होत्या. साधा राग असला की मी 'मॅडम' असायची. राग उतरला की 'पोरी'. आणि तो फारच चढला की त्यांचं शुद्ध मराठी गळून पडायचं आणि शिंदखेडा तालुक्यातल्या त्यांच्या माहेरची अहिराणी बाहेर यायची. दाणे टिपणाऱ्या चिमण्यांवर दगड भिरकावणाऱ्या एका चांगल्या शिकल्यासवरल्या गृहस्थाला त्यांनी भर रस्त्यात थांबवलेलं मी पाहिलं आहे. "तुन्हा घरमा फ्रिज शे, कूलर शे, बठ्ठं शे," त्या ओरडल्या. "त्या चिडीले काय शे रे?" गृहस्थ गाडीला किक मारून निघून गेले. त्यानंतर ते पलीकडच्या गल्लीने येऊ-जाऊ लागले.

आमच्या शेजारीच राहणाऱ्या अक्कांच्या अंगणात फार काही नव्हतं. एक पपई, एक लिंबू आणि फाटकाला लागून रस्त्यावर वाकलेला जुना करंज. करंजाच्या सावलीत एक शहाबादी फरशी. तिच्यावर सकाळी बाजरी आणि ज्वारीच्या कण्या पडत. पिकलेल्या पपईची अर्धी फोड त्या लिंबाच्या काटेरी फांदीला खुपसून ठेवत, ती बुलबुलांची आणि तांबटाची. पाण्याचे पसरट परळ रोज काथ्याने घासले जात. त्यात खडे टाकलेले असत, लहान पाखराला पाय टेकवायला. सगळं साधं, पण त्यात चूक झालेली त्यांना खपत नसे. एकदा माझ्या नवऱ्याने प्रेमाने फरशीवर मूठभर शेव टाकली. अक्का घरातून धावत आल्या. "पाखराला शेव घालता? मीठ-मसाला? त्याचं बीपी वाढलं तर कुठल्या दवाखान्यात नेणार आहात?"

मी तेव्हा थोडी धीट झाले होते. म्हटलं, "अक्का, तुमच्या गच्चीवरचे बिबडे खातात तेव्हा? त्यातही मीठ असतंच की."

आमच्याकडे त्या दिवसांत घरोघर ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, वाळत असतात, आणि अक्कांच्या बिबड्यांच्या कडा साळुंक्यांनी टोचलेल्या असत.  अक्का म्हणाल्या, "ते चोरून खातात. मी देते ते वेगळं."

पक्ष्यांविषयी त्यांना फार माहिती होती असं मी म्हणणार नाही. त्यांची बरीच माहिती चुकीची होती आणि ती सोडायला त्या तयार नसत. कोकिळाची ठिपक्यांची मादी हा वेगळाच पक्षी आहे आणि तो काळ्या कोकिळाच्या मागे उगाच लागतो, असं त्यांचं ठाम मत. मी चित्रांचं पुस्तक आणून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते पान नीट पाहिलं आणि पुस्तक मिटून म्हणाल्या, "छापणाऱ्याची चूक असेल." सातभाई मात्र त्यांचे लाडके. झुंडीने यायचं, आल्याबरोबर कलकलाट करायचा, जागेवरून भांडायचं, आणि मांजर दिसलं की सगळ्यांनी मिळून तुटून पडायचं. "हे माझ्या गाडीतले प्रवासी," त्या म्हणत आणि हसत. त्या हसल्या की दिसायचं, तरुणपणी बाई देखणी असणार.

फाल्गुन संपता संपता करंजाला तकतकीत कोवळी पालवी फुटे. तेव्हा संध्याकाळी अक्का प्लॅस्टिकच्या खुर्चीवर करंजाकडे तोंड करून बसत. दिवसभरात गप्प बसण्याची ती एकच वेळ. मीही कॉलेजातून आल्यावर पायरीवर टेकायची. बुलबुलाच्या चोचीत काडी आहे की किडा, एवढ्यावरून घरटं बांधणं चाललंय की पिल्लं झालीत ते कळतं, हे मला तिथेच समजलं. एकदा त्या आपणहून बोलल्या. "चैतात पाखराला दाणा थोडा लागतो. पाणी जास्त लागतं. अन् आपण त्यांच्या वाटेतून बाजूला व्हावं, हे सगळ्यात जास्त लागतं. पण ते कुणालाच जमत नाही, पोरी. लोकांना मध्ये जायचंच असतं."

मध्ये जाणाऱ्यांत आमच्या वॉर्डातले एक पुढारी होते. त्यांचं नाव मी घेत नाही. सगळे भाऊसाहेब म्हणतात, तेवढं पुरे. महापालिकेची निवडणूक तोंडावर होती आणि तिच्यासाठी त्यांना दर पंधरवड्याला काहीतरी कार्यक्रम लागे. चिमणी दिनाला त्यांनी कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये मांडव घातला आणि मातीच्या परळांचं वाटप ठेवलं. पहिला परळ अक्कांना, असं ठरलं. त्यांना स्टेजवर बोलावून शाल घातली, हातात परळ दिला, फोटो झाला. एवढ्यावर त्यांनी खाली उतरायचं होतं. पण माइक जवळ होता आणि अक्कांना माइकची गरज नव्हती.

"परळ चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "उद्यापासून पाणी कोण भरणार?"

लोक हसले. भाऊसाहेबही हसले. म्हणाले, "अक्का, आपण सगळे मिळून भरू."

"सगळे मिळून म्हणजे कोणी नाही," अक्का म्हणाल्या आणि खाली उतरल्या. शाल त्यांनी खुर्चीवरच ठेवली.

कार्यक्रमाच्या जाहिरातीचा एक मोठा बॅनर अक्कांच्या फाटकाजवळच्या विजेच्या खांबाला बांधला होता. बॅनरवर एक चिमणी होती आणि चिमणीच्या कितीतरी पट मोठे भाऊसाहेब होते. खाली 'पाखरांना जगवू या' असं लिहिलेलं. कार्यक्रम होऊन गेला तरी बॅनर उतरला नाही. निवडणूक होती ना. अडचण एवढीच होती की करंजाची नवी पालवी दाटत गेली तसा बॅनर झाकला जाऊ लागला. रस्त्यावरून येणाऱ्याला चिमणी दिसे, भाऊसाहेब दिसेनात.

त्याच करंजावर, फाटकावरून हात पोचेल इतक्या खाली, त्या वर्षी बुलबुलाचं घरटं होतं. पिल्लं नुकतीच बाहेर आली होती. अक्कांनी फाटक उघडायचं बंद केलं होतं; कडी वाजते म्हणून त्या मागच्या दाराने ये-जा करत. दूधवाल्यालाही मागून यायचा हुकूम होता.

भाच्याच्या लग्नाला म्हणून अक्का दोंडाईचाला गेल्या. एकच दिवस. मी कॉलेजात होते, नवरा ऑफिसात. दुपारी तीनचाकी टेम्पोतून दोन माणसं आली, करवत लावून करंजाची रस्त्याकडची सगळी बाजू छाटली आणि फांद्या तिथेच गटाराच्या कडेला टाकून गेली. समोरच्या पाटीलकाकूंनी खिडकीतून विचारलं तेव्हा ती माणसं म्हणाली, "भाऊसाहेबांनी सांगितलंय, बॅनर दिसत नाही."

बॅनर दिसत नाही! हे वाक्य मी इथे पुन्हा लिहिते आहे, कारण अजूनही मला ते खरं वाटत नाही. पाखरांना जगवू या, हे लोकांना नीट वाचता यावं म्हणून पाखरांचं घर तोडलं. आणि तोडणाऱ्याच्या, तोडायला सांगणाऱ्याच्या, दोघांच्याही मनात यात काही वावगं आहे असं आलं नाही.

मी आणि अक्का जवळपास एकाच वेळी पोचलो. मी कोपऱ्यावरून वळत होते आणि त्या रिक्षातून उतरत होत्या, अंगावर लग्नाची साडी, हातात आहेराची पिशवी. झाड पाहून त्या जागच्या जागी थांबल्या. मला वाटलं आता आभाळ फाटेल.  पण पिशवी माझ्या हातात देऊन त्या लग्नाच्या साडीनिशी गटाराच्या कडेला गुडघ्यावर बसल्या आणि पडलेल्या फांद्या एकेक करून उचलू लागल्या. दोन पिल्लं जिवंत सापडली. पिसं धड फुटली नव्हती, डोळे किलकिले. तारेवर बसून बुलबुलाची जोडी नुसती ओरडत होती.

अक्कांनी घरातून एक लहान टोपली आणली. मोडकं घरटं तिच्यात नीट बसवलं, पिल्लं ठेवली आणि उरलेल्या फांदीच्या बेचक्यात टोपली सुतळीने बांधली. अंधार पडायच्या आत मादी टोपलीवर येऊन बसली. आम्हाला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तेव्हा कळलं की जमलेलं नाही. टोपली होती तिथे आता पान नव्हतं. धुळ्याचं चैत्रातलं ऊन. लोखंडी फाटकाला हात लावला तर चटका बसे. पिल्लं चोची वासून धापा टाकत होती. अक्कांनी आपली काळी छत्री आणून फांदीला बांधली. सावली पडली, पण वारा सुटला की छत्री उलटी होई. मग त्या खुर्ची घेऊन तिथेच बसल्या. छत्री उलटली की उठायचं, सरळ करायची, पुन्हा बसायचं. पिल्लांना सावली होती, अक्कांना नव्हती.

"अक्का, आत चला, मी बसते," मी म्हटलं.

"तुझा तास आहे ना? जा. पोरांना शिकव. शिकवशील तेव्हा सांग त्यांना, की झाड तोडायच्या आधी वर बघायचं असतं. एवढंच. वर बघायचं!"

ही गोष्ट कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली आणि तिथून भाऊसाहेबांपर्यंत. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांची पांढरी गाडी आली. सोबत मोबाइलवर फोटो काढणारा कार्यकर्ता. मला त्या दिवशी सुट्टी होती, मी आमच्या पायरीवर होते. वाऱ्याने छत्रीची सुतळी तुटली होती आणि अक्का छत्री हातात धरून उभ्या होत्या.

"नमस्कार अक्का," भाऊसाहेब म्हणाले. "पोरांकडून जरा गडबड झाली. मला माहीतच नव्हतं."

अक्कांनी त्यांच्याकडे बघितलं. "आलाच आहात तर धरा," त्या म्हणाल्या आणि छत्री त्यांच्या हातात दिली. "इथे. अशी तिरपी. सावली पिल्लांवर पाहिजे, तुमच्यावर नाही. मी सुतळी घेऊन येते."

त्या आत गेल्या. तेवढ्यात मलाही आठवलं, आमच्याकडे नायलॉनची दोरी होती, मीही आत गेले. आम्ही दोघी बाहेर आलो तेव्हा पांढरी गाडी निघून गेली होती. छत्री मिटून, व्यवस्थित, भिंतीला टेकवून ठेवलेली होती. पिल्लं उन्हात होती. किती वेळ होती कोण जाणे. अक्कांना सुतळी आणि मला दोरी सापडायला उशीर झाला होता. दोन पिल्लांतलं एक नंतर पाण्याच्या थेंबांनीही हललं नाही.

संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला. करंजाखाली भाऊसाहेब, हातात काळी छत्री, चेहऱ्यावर करुणा. 'रणरणत्या उन्हात पिल्लांना मायेची सावली.' खाली हात जोडलेले, टाळ्यांचे, डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. आमच्याच कॉलनीतल्या माणसांचे. त्यांतल्या कित्येकांना आपापल्या खिडकीतून छत्री धरणारी बाई दोन दिवस दिसत होती.

अक्का ग्रुपवर लिहीत नसत, बोलून पाठवत. एरवी त्यांचा आवाज मोबाइलमधून आला की लोक फोन कानापासून लांब धरत. त्या दिवशीचा आवाज इतका हळू होता की मी दोनदा ऐकला.

"मी अक्का बोलते. फोटोतली छत्री माझी आहे. फोटो काढून झाल्यावर ती मिटून भिंतीला ठेवली. त्यात एक पिल्लू मेलं. फोटोखाली एवढं लिहायचं राहिलंय, ते लिहा."

थोड्या वेळाने ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनला बोलता येईल अशी व्यवस्था झाली.

दुसऱ्या दिवशी अक्का पायी निघाल्या. पांझरा नदीचा पूल ओलांडून भाऊसाहेबांच्या ऑफिसात. दुसऱ्या पिल्लाच्या छत्रीपाशी मला बसवून गेल्या, म्हणून मी त्यांच्याबरोबर नव्हते. तिथे काय झालं ते पाटीलकाकांनी सांगितलं. ते घरपट्टीच्या कामासाठी तिथेच बसले होते. भाऊसाहेबांनी अक्कांना खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि म्हणाले, "अक्का, फांद्याच तर छाटल्या. पावसाळ्यात पुन्हा फुटतील. तुमचं वय झालं, अशा उन्हात फिरू नका."

अक्का बसल्या नाहीत. "फांदी पावसाळ्यात येईल," त्या म्हणाल्या. "सावली आज पाहिजे होती. तुम्ही झाड कापलं ते मी समजू शकले असते. येड्या माणसाले येड्यासारखंच सुचस. पण छत्री हातात असताना खाली ठेवली, ती काबर ठेवली? एवढं सांगा. मी दुसरं काही विचारत नाही. काबर ठेवली?"

 भाऊसाहेबांनी कार्यकर्त्याला हाक मारली आणि अक्कांना घरी सोडायला सांगितलं. अक्का गाडीत बसल्या नाहीत. पाटीलकाका त्यांच्यामागे धावले, पण भर दुपारी त्या जशा आल्या होत्या तशाच पायी परत निघाल्या. पुलावर त्यांना चक्कर आली.

ऊन लागलं होतं. पाच-सहा दिवस दवाखान्यात सलाईन चाललं. इकडे पाटीलकाकांनी शेतातून हिरव्या शेडनेटचा तुकडा आणून करंजावर ताणून बांधला. हे आधी सुचलं असतं तर, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत. त्या जाळीखाली उरलेलं पिल्लू वाढलं. एका सकाळी ते टोपलीच्या काठावर आलं, तिथून लिंबावर गेलं, आणि संध्याकाळी टोपली रिकामी होती. मी धावत दवाखान्यात गेले. मला वाटलं अक्का खूश होतील.

त्यांनी ऐकून घेतलं. डोळे मिटले. मग म्हणाल्या, "बरं झालं. पण एक उडालं म्हणून दुसऱ्याचं माफ होत नाही, पोरी."

मुलगा पुण्याहून आला होता. चांगला मुलगा आहे तो, आईसाठी जीव टाकणारा. पण आता एकटं ठेवायचं नाही हे त्याने ठरवून टाकलं होतं. अक्का त्याच्याशीही भांडल्या. अंगात ताकद नव्हती, शब्द अर्धवट राहत होते, तरी भांडल्या. भांडता भांडता एकदा त्या मध्येच थांबल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. तेव्हा आम्हाला कळलं की त्या हरल्या आहेत. मी त्यांना हरलेलं तेव्हाच पाहिलं. निघताना त्या गाडीत मागे बसल्या होत्या, काच खाली केली नाही. मी काचेवर हात ठेवला. त्यांनी आतून, जिथे माझा तळवा होता तिथे, एकदा बोट टेकवलं आणि मुलाला म्हणाल्या, "चल."

पुण्यात त्या अकराव्या मजल्यावर राहत. फोन मीच करायची. "इथे काय शे? कबुतरं शेत," त्या म्हणत. "अन् त्यांच्यासाठी जाळ्या." एकदा डक्टच्या जाळीत एक कबुतर अडकून फडफडत होतं आणि सोसायटीचा सेक्रेटरी उद्या बघू म्हणत होता. मुलाने मला सांगितलं, आई जिन्यात त्याच्या दारापुढे खुर्ची टाकून बसली, अन् माणूस बोलावून जाळी कापेपर्यंत उठली नाही. सांगताना तो वैतागलेला होता आणि त्याला थोडा अभिमानही वाटत होता. मला मात्र रडू आलं, बरं वाटलं म्हणून. हिवाळ्यात अक्का गेल्या. झोपेतच, असं तो म्हणाला.

कॉलनीच्या मंदिराच्या सभामंडपात श्रद्धांजली सभा झाली. मुलगा येऊ शकला नव्हता. भाऊसाहेब आले, आता ते निवडून आले होते. त्यांनी बराच वेळ भाषण केलं. "अक्का म्हणजे मूर्तिमंत माया," ते म्हणाले. "पाखरांवर प्रेम, माणसांवर प्रेम. उभ्या आयुष्यात या माउलीने कधी कुणाला दुखावलं नाही, कधी आवाज चढवला नाही. आमचे आणि त्यांचे तर घरचे संबंध. त्यांच्याबरोबर पिल्लांना सावली धरण्याचं भाग्य मला लाभलं."

लोकांनी माना डोलावल्या. मी समोरच्या हार घातलेल्या फोटोकडे बघत होते. मला वाटलं, एका बाईला मारायची ही पण एक रीत आहे. ती जिवंत असताना तिचं ऐकायचं नाही, आणि गेल्यावर ती काही बोललीच नाही असं सांगायचं.

मी उठून उभी राहिले. सभेत बोलायची मला सवय नाही. वर्गात मुलांपुढे बोलते तेवढंच. 

"अक्का प्रेमळ होत्या हे खरं आहे," मी म्हटलं. "पण त्यांनी आवाज चढवला नाही हे खोटं आहे. इथे बसलेल्या प्रत्येकावर त्यांनी आवाज चढवलेला आहे. सगळ्यात जास्त भाऊसाहेबांवर. बॅनर दिसत नाही म्हणून यांनी करंज छाटायला लावला, त्यात घरटं पडलं. फोटो झाल्यावर यांनी छत्री मिटून ठेवली, त्यात पिल्लू मेलं. अक्का पायी जाऊन यांना एकच प्रश्न विचारून आल्या होत्या. त्याचं उत्तर त्यांना मिळालं नाही. त्या शांत नव्हत्या. त्या शेवटपर्यंत रागावलेल्या होत्या, आणि त्यांचा राग बरोबर होता."

 पाटीलकाकूंनी पदर तोंडाला लावला. पाटीलकाका हळूच म्हणाले, "खरं आहे." आणि मग जरा मोठ्याने, "खरं आहे हे. मी तिथे होतो."

भाऊसाहेब सराईत माणूस. त्यांनी मान खाली घातली, दोन क्षण जाऊ दिले आणि माइकवर म्हणाले, "ताई फार भावुक झाल्या आहेत. आपण समजू शकतो."

"भावुक नाही," मी म्हटलं. "रागावले आहे."

त्यांनी ते ऐकलं नाहीसं करून सगळ्यांना दोन मिनिटं मौन पाळायला सांगितलं. सगळे उभे राहिले, माना झुकल्या. मी मान झुकवली नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना ते जाणवलं असावं, कारण त्यांनी एकदा डोळा उघडला, माझी नजर पाहिली आणि पुन्हा घट्ट मिटला.

 घरी येताना फाटकाशी आल्यावर नवऱ्याने माझा हात हातात घेतला. 

"बोललीस ते बरं केलंस," तो म्हणाला. "आता तरी शांत वाटतंय ना?"

"नाही," मी म्हटलं.

त्याला आता वर्ष होत आलं. अजूनही नाही.